न्हाणीघरातली बुरशी कशी काढावी: टाइल, सांधे, छत आणि चिऱ्याची भिंत

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या दिवसांत तापमान २४ ते ३० अंशांच्या आसपास राहते, हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही, आणि बुरशीला नेमके हेच हवे असते. खाद्यही तिला फारसे लागत नाही. टाइलवर साचलेला साबणाचा थर, अंगावरून निघालेला मळ आणि तेल, रंगातले सेंद्रिय घटक एवढ्यावर तिचे भागते. पृष्ठभाग एक-दोन दिवस सलग ओला राहिला की हवेतले बीजाणू तिथे रुजतात आणि काही दिवसांतच काळे ठिपके दिसू लागतात. गणेश चवथीच्या आधी घराची साफसफाई निघते तेव्हा सगळ्यांत जास्त कष्ट न्हाणीघरात पडतात, ते यामुळे.

बुरशी काढण्यासाठी दुकानात गेल्यावर बहुतेक जण ‘सगळ्यांत जहाल कोणते?’ असे विचारतात. हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. चकचकीत टाइल, सिमेंटचा सांधा, सिलिकॉनची पट्टी, रंग दिलेले छत, कोटा फरशी आणि चुन्याचा गिलावा यांवर बुरशी एकसारखी बसत नाही. टाइलवर ती केवळ पृष्ठभागावर असते आणि पुसली जाते. सांध्यात ती सूक्ष्म छिद्रांत शिरते. सिलिकॉनच्या आत उतरली तर ती बाहेर काढता येत नाही. जे द्रव एका जागी काम करते तेच दुसऱ्या जागी दगड खाते किंवा रंग उडवते. म्हणून न्हाणीघरात जाऊन आधी कोणता पृष्ठभाग कशाचा आहे ते नीट पाहावे आणि बाटली नंतर उघडावी.

ती बुरशीच आहे ना?

न्हाणीघरातला प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. नळाच्या बुंध्याशी, साबणदाणीच्या खाली किंवा संडासाच्या भांड्यातल्या पाण्याच्या रेषेवर जो गुलाबी-नारिंगी, बुळबुळीत थर येतो, तो बहुधा जिवाणूंचा असतो. साबण लावून घासणीने घासले की तो निघतो, त्यासाठी ब्लीचची गरज नाही. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जुन्या घरांत भिंतीच्या तळाशी जी पांढरी भुकटी फुटते, तिलाही अनेक जण बुरशी समजतात. तो लोणा असतो, म्हणजे भिंतीतून वर चढणाऱ्या ओलीबरोबर आलेले क्षार. ओळखण्याची रीत सोपी आहे. चिमूटभर भुकटी बोटांत चुरडावी. क्षार असेल तर बारीक खडीसाखरेसारखा कचकचतो आणि पाण्याच्या थेंबात विरघळतो, बुरशी मात्र चुरडल्यावर बोटाला काळी-करडी फासली जाते. अशा क्षारांवर बुरशीनाशक ओतणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय, कारण तिथे दुखणे भिंतीतल्या ओलीचे असते.

काळ्या डागाबद्दल शंका असल्यास कापसाच्या बोळ्याने त्यावर पातळ ब्लीचचा एक थेंब लावावा. एक-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर ती बुरशी. तसाच राहिला तर तो मळ, गंज किंवा पाण्यातल्या लोहाचा डाग असण्याची शक्यता अधिक. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत लोहाचे तांबूस डाग सर्रास दिसतात.

साहित्य, आणि एक गोष्ट जी कधीही करू नये

रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर एन-९५ मास्क, जुना दात घासायचा ब्रश, नायलॉनची घासणी, दोन-तीन जुनी सुती फडकी, प्लास्टिकची बादली आणि प्लास्टिकचा मग एवढे जवळ असावे. तांब्यापितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे ब्लीचसाठी वापरू नये, ते काळवंडते. तारेची घासणी टाइलवरची चकाकी ओरबाडते आणि मग त्या ओरखड्यांत पुढच्या वर्षीची बुरशी बसते, म्हणून ती दूरच ठेवावी.

द्रवांमध्ये खरे पाहता चार गोष्टी पुरतात. पहिले म्हणजे भांडी किंवा कपडे धुण्याचे साधे डिटर्जंट. निम्म्याहून अधिक काम तेच करते, कारण बुरशीखालचा साबणाचा आणि तेलाचा थर निघाल्याशिवाय दुसरे कोणतेही द्रव बुरशीपर्यंत पोहोचत नाही. दुसरे ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण. बाटलीवर ४ ते ५ टक्के लिहिलेले असेल तर एका वाटीला दहा वाट्या पाणी हे प्रमाण ठेवावे. पातळ केलेले ब्लीच त्याच दिवशी संपवावे, आणि बाटली विकत घेताना उत्पादनाची तारीख पाहावी, कारण उष्णतेने आणि उजेडाने त्याचा जोर उतरत जातो. मागच्या वर्षीची अर्धी बाटली पुष्कळदा नुसत्या खारट पाण्यासारखी झालेली असते. तिसरे हायड्रोजन पेरॉक्साइड, जे औषधांच्या दुकानात मिळते. ६ टक्क्यांचे असेल तर त्यात तेवढेच पाणी घालून ३ टक्क्यांचे करावे. चौथे, लाकडासाठी, सर्जिकल स्पिरिट.

व्हिनेगरचा उल्लेख या विषयावर हटकून होतो. पांढरे व्हिनेगर काचेवर आणि चकचकीत टाइलवर चालते, परंतु गोव्यात एक सूचना अधिक द्यावी लागते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणारे माडाच्या सुरेचे तपकिरी व्हिनेगर स्वयंपाकासाठी आहे. ते भिंतीवर मारले तर त्याचा रंग आणि त्यात उरलेले सेंद्रिय अंश मागे राहतात, आणि ते बुरशीला खाद्यच होते. ते विंदालूच्या आणि मासळीच्या कामी यावे, तेच बरे.

आता धोक्याची गोष्ट. ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र येता कामा नयेत. संडास साफ करण्याच्या बहुतेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते, हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळणारे ‘ॲसिड’ही तेच, आणि व्हिनेगर किंवा लिंबूही आम्लच आहे. ब्लीचशी यांचा संयोग झाला की क्लोरीन वायू सुटतो आणि चार बाय सहा फुटांच्या बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना इजा करण्याइतका साठायला वेळ लागत नाही. अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रवाबरोबर ब्लीच मिसळल्यास क्लोरामाइनचे विषारी वायू तयार होतात. धोका मुद्दाम मिसळण्यातच असतो असे नाही. सकाळी संडासाच्या भांड्यात आम्ल टाकून ठेवले आणि दुपारी टाइलवरचे ब्लीच धुतल्याचे पाणी त्याच भांड्यात ओतले, तरी तेच घडते. म्हणून साधा साबण सोडल्यास एका दिवशी एकच द्रव वापरावे आणि दुसरे वापरण्यापूर्वी सगळे भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. घशात खवखव, डोळ्यांत झणझण किंवा खोकला सुरू झाला तर काय सांडले ते पाहत न बसता, झाकण लावायलाही न थांबता बाहेर मोकळ्या हवेत यावे, डोळे किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावेत, आणि श्वासाचा त्रास ओसरत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

विहिरीत टाकायला आणलेली ब्लीचिंग पावडर अनेक गावांतल्या घरांत पावसाळ्यात हाताशी असते, आणि तीच न्हाणीत भुरभुरण्याचा मोह होतो. तो टाळावा. तिच्यात क्लोरीनचे प्रमाण द्रव ब्लीचपेक्षा कितीतरी अधिक असते, कोरडी भुकटी घशाला लागते आणि धुतल्यावर चुन्याचा पांढरा साका सांध्यांत बसून राहतो.

दमा असलेल्या व्यक्तीने, लहान मुलांनी, गरोदर स्त्रियांनी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी कमी झाली आहे अशांनी हे काम करू नये आणि ते चालू असताना त्या खोलीजवळही थांबू नये. मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होऊ शकते. म्हणून तिला ‘मारून’ जागेवर सोडणे पुरेसे नाही, ती पुसून घराबाहेर गेली पाहिजे.

टाइल आणि त्यांमधले सांधे

खिडकी उघडावी, बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा लावावा आणि न्हाणीघराचे दार घराच्या बाजूने लोटून घ्यावे, म्हणजे बीजाणू खोल्यांत न येता बाहेर जातील. कोरडी बुरशी कधीही घासू नये. आधी साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ती ओली करावी. काम वरून खाली करावे. डिटर्जंटने सगळी भिंत एकदा घासून, धुऊन, वायपरने पाणी खाली ओढून घेतल्यावरच उरलेल्या डागांकडे वळावे. चकचकीत टाइलवर या टप्प्यानंतर बहुधा काही उरतच नाही.

उरते ते सांध्यांत. सगळ्यांत हट्टी जागा म्हणजे भिंत आणि जमीन जिथे मिळतात ती कोपऱ्याची रेघ आणि नळाच्या मागची वीतभर जागा. तिथे वाकून पाहिले तर काळा रंग सलग नसतो. सिमेंटच्या प्रत्येक छिद्रात एक टोचल्यासारखा ठिपका असतो आणि ब्रश त्यावरून नुसता सरकतो. अशा जागी घासण्यापेक्षा भिजत ठेवण्याला महत्त्व आहे. पातळ केलेले ब्लीच स्पंजाने सांध्यावर लावावे, फवारू नये, कारण फवाऱ्याचे तुषार श्वासातून आत जातात. १० ते १५ मिनिटे सांधा ओला राहील याची काळजी घ्यावी, मग ब्रशने आडवे-उभे घासून भरपूर पाण्याने धुवावे. ब्लीचचा वास सहन होत नसेल किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल तर खाण्याच्या सोड्यात ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड घालून घट्टसर लेप करावा, सांध्यावर थापावा आणि अर्ध्या तासाने घासावा. लेप बरणीत भरून झाकण लावून ठेवू नये, त्यातून वायू सुटत असतो.

नळ, शॉवर आणि टॉवेलच्या दांड्या यांवरचे ब्लीच लगेच धुऊन पुसावे. क्रोम आणि स्टीलवर ते राहिले की डाग पडतात.

सांध्यांवर ॲसिड ओतण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि ती मोडावी असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. ॲसिड टाकल्यावर फेस येतो, सांधा पांढरा दिसतो आणि काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो फेस सिमेंट विरघळत असल्याचा असतो. दरवर्षी असे केले की सांधा खोल आणि खरबरीत होतो, त्यात पाणी थांबते आणि बुरशी पहिल्यापेक्षा लवकर परत येते. पुढे पाणी टाइलच्या मागे उतरते आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छताला ओल धरते. सांधा असा झिजला असेल, बोटाने चाचपल्यावर भुसभुशीत लागत असेल, तर साफ करण्याचा नाद सोडून तो खरवडून काढावा आणि नव्याने भरावा. इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरण्याचे राळेचे मिश्रण, महाग पडते आणि ते भरणारा गवंडी सरावाचा लागतो, परंतु ते जवळजवळ पाणी शोषत नाही. न्हाणीघराच्या जमिनीपुरते आणि भिंतीच्या खालच्या दोन-तीन ओळींपुरते ते घ्यावे, बाकी सिमेंटचे चालते.

सिलिकॉनची पट्टी

बेसिनच्या कडेला, खिडकीच्या चौकटीशी किंवा कमोडच्या बुंध्याशी भरलेल्या सिलिकॉनवर काळे ठिपके आले तर एकदा प्रयत्न जरूर करावा. समईसाठी वळतो तशी कापसाची लांब, जाड वात वळावी, निम्मे ब्लीच आणि निम्मे पाणी यांत बुडवून हलकेच पिळावी आणि पट्टीवर दाबून बसवावी. वरून पातळ प्लास्टिक ठेवले तर ती सुकत नाही. दोन-तीन तासांनी वात काढून जागा धुवावी. तोवर खिडकी उघडी आणि दार बंद असावे, आत कोणी जाऊ नये.

डाग तरीही दिसत असेल तर बुरशी सिलिकॉनच्या आत आहे आणि तिला कोणतेही द्रव गाठू शकत नाही. अशी पट्टी कटरने दोन्ही कडांनी कापून सबंध सोलून काढावी, खालची जागा डिटर्जंटने आणि नंतर स्पिरिटने पुसावी, पुरती वाळू द्यावी, आणि बुरशीरोधक सॅनिटरी प्रकारचे सिलिकॉन भरावे. जुन्या पट्टीवर नवी पट्टी ओढणारे कारागीर भेटतात. त्यांना तसे करू देऊ नये. नव्या पट्टीला २४ तास पाणी लागू द्यायचे नसते. घरात न्हाणीघर एकच असेल तर हे काम कोणी गावाला गेलेले असताना किंवा शेजारी सोय असताना काढावे.

टाइल संपतात तिथून वर

गोव्यातल्या फ्लॅटांत टाइल बहुधा सात फुटांपर्यंत लावलेल्या असतात आणि त्यावर छतापर्यंत रंगाचा पट्टा असतो. गरम पाण्याची वाफ वर जाते, थंड छताला लागून तिचे पाणी होते आणि बुरशी सगळ्यांत दाट तिथे दिसते. परंतु मान वर करून कोणी पाहत नाही, म्हणून खालच्या टाइल घासून घासून गुळगुळीत आणि छत काळे, असे दृश्य सर्रास आढळते. छतावरचे बीजाणू खाली पडतच राहतात, तेव्हा सुरुवात छतापासून करणे योग्य.

रंग प्लास्टिक इमल्शन असेल तर तो धुता येतो. लांब दांड्याच्या मॉपला साबणाच्या पाण्यात पिळलेले फडके गुंडाळावे आणि छत पुसावे. डोक्यावर काम असल्याने चष्मा इथे अनिवार्य समजावा. वीज आणि पाणी यांचा संबंध येऊ नये म्हणून गिझरचा आणि दिव्याचा मुख्य स्विच आधी बंद करावा. साबणानंतर पातळ ब्लीच किंवा पेरॉक्साइडचे फडके फिरवावे, १० मिनिटांनी साध्या पाण्याने पुसावे आणि पंखा लावून सुकवावे. डिस्टेंपर किंवा चुन्याचा रंग असेल तर तो ओल्या फडक्याबरोबर निघून येतो. अशा ठिकाणी रंग हलक्या हाताने ओला करून खरवडून टाकणे आणि खालचा गिलावा पुसणे बरे.

बुरशीवर थेट रंग मारू नये. रंगाखाली ती वाढत राहते आणि काही महिन्यांत पोपडे धरतात. क्रम असा: बुरशी काढणे, ओलीचे कारण दूर करणे, भिंत वाळू देणे, बुरशीनाशक वॉश लावणे, प्रायमर आणि शेवटी बुरशीरोधक रंग. ऐन पावसाळ्यात रंगकाम करण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर सरल्यावर, भिंती उन्हाने वाळल्यावर हे काम काढावे. पीओपीचे किंवा जिप्समचे खोटे छत असेल आणि ते दाबल्यावर मऊ लागत असेल तर तेवढा तुकडा कापून बदलावा लागतो. जिप्समच्या पत्र्यावरचा कागदच बुरशीचे खाद्य असल्याने तो धुऊन स्वच्छ होत नाही.

कोटा, कडप्पा, संगमरवर आणि चिरा

कोटा आणि कडप्पा हे चुनखडीचेच दगड आहेत आणि संगमरवर तर आहेच. त्यांवर व्हिनेगर, लिंबू, संडासाचे द्रव यांपैकी काहीही टाकू नये. एका वेळेत पॉलिश जाते आणि दगडावर पांढरट व्रण राहतो. साबणाचे पाणी आणि मग पेरॉक्साइड एवढेच वापरावे, आणि गडद कडप्प्यावर पेरॉक्साइड आधी कोपऱ्यात लावून रंग उतरत नाही ना ते पाहावे.

चिऱ्याच्या जुन्या घरांची गोष्ट वेगळी आहे. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि संधी मिळाली की सोडतो. पूर्वीच्या न्हाणीत भाणाखाली, म्हणजे पाणी तापवण्याच्या मोठ्या भांड्याखाली, चूल पेटे, त्यामुळे ती खोली दिवसातून एकदा तरी खडखडीत तापे आणि वाळे. भिंतीवर चुना असे आणि चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने ताजा असेतोवर त्यावर बुरशी धरत नसे. आता चूल गेली, गिझर आला, आणि चुन्यावर सिमेंटचा गिलावा व वर प्लास्टिक रंग चढला. हा रंग भिंतीतली ओल आत कोंडतो, ती रंगामागे साचते आणि फुगवटे येतात. अशा भिंतीवर बुरशी सारखी परतत असेल तर सुटलेला प्लास्टिक रंग खरवडून काढावा आणि पुन्हा चुन्याचा हात द्यावा. त्याला दरवर्षी नवा हात लागतो, हे खरे. परंतु तो भिंतीला श्वास घेऊ देतो. पाण्याचे शिंतोडे थेट उडतात तेवढ्या उंचीपर्यंत अर्थातच टाइल हव्यात.

लाकडी दार खालच्या बाजूने काळे पडते. त्यावर ब्लीच वरवरचा रंग उडवते, आत उतरत नाही आणि लाकूड मात्र ओले करून ठेवते. म्हणून पिळलेल्या फडक्याने पुसून, सर्जिकल स्पिरिट लावून, उन्हाच्या उघडीपीत सुकवावे, पॉलिश पेपरने घासावे आणि वरच्या व खालच्या कडांसह सर्व बाजूंनी वॉर्निश द्यावे. कडाच बहुधा उघड्या राहिलेल्या असतात आणि पाणी तिथूनच चढते. स्पिरिट पेट घेते, तेव्हा जवळ उदबत्ती किंवा गॅस नसावा. प्लास्टिकचा पडदा आणि पायपुसणे गरम पाण्यात धुण्याच्या सोड्यासह भिजवून धुवावे. पाट आणि बादली उलटी करून बुडाशी पाहावे, तिथला काळा थर नेहमी विसरला जातो.

ओल कुठून येते ते शोधणे

साफ केल्यावर दोन-तीन आठवड्यांत त्याच जागी बुरशी परतली तर दोष द्रवाचा नसतो. फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का लावावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. भिंतीच्या बाजूने थेंब जमले असतील तर ओल भिंतीतून येते. खोलीच्या बाजूने जमले असतील तर हवेतली वाफ साचते आणि हवा खेळती करण्याने काम भागेल.

भिंतीतून येणाऱ्या ओलीचेही दोन प्रकार ओळखता येतात. पाऊस नसलेल्या फेब्रुवारी-मार्चमध्येही डाग वाढत असेल तर नळ, गिझरची जोडणी किंवा वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर गळते आहे. सगळे नळ बंद ठेवून पाण्याचा मीटर तासभर पाहावा. काटा हलला तर गळती आपल्याच पाइपात आहे. डाग फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची तपासावी. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्यामुळे त्या बाजूचे न्हाणीघर सर्वाधिक भिजते. माडाच्या विणलेल्या झावळ्या लावून तेवढी भिंत झाकण्याची जुनी रीत होती. आज पत्रा किंवा खिडकीवर रुंद छज्जा काढून तेच साधते. आतून कितीही वॉटरप्रूफिंग केले तरी बाहेरून भिजणारी भिंत आतून वाळत नाही.

न्हाणीघर कोरडे ठेवणे, पावसातसुद्धा

अंघोळ झाल्यावर वायपरने आधी भिंतींवरचे आणि मग जमिनीवरचे पाणी ओढून काढावे. यात दोन मिनिटे जातात आणि भिंतीवर राहणारे बहुतेक पाणी गटारात जाते. एक्झॉस्ट पंखा अंघोळीनंतर २० ते ३० मिनिटे चालू ठेवावा. दाराच्या खाली बोटभर फट हवी, नाहीतर पंखा नुसता फिरतो, आत हवाच येत नाही. साध्या घरगुती न्हाणीघराला सहा इंची पंखा पुरतो, परंतु त्याच्या पात्यांवर आणि जाळीवर धूळ साचली की तो निम्माही ओढत नाही, म्हणून दर दोन महिन्यांनी तो पुसावा.

मात्र जुलैत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, आणि मुसळधार पाऊस चालू असताना खिडकी उघडी टाकून काही वाळत नाही. अशा दिवसांत शेजारच्या खोलीतला टेबल पंखा न्हाणीघराच्या दारात ठेवून अर्धा तास जमिनीकडे सोडावा, किंवा खोलीत एसी असेल तर तो ड्राय मोडवर ठेवून न्हाणीघराचे दार उघडे ठेवावे. दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक टांगला तर नेमके कळते. ६० टक्क्यांच्या खाली आकडा आला तर बुरशीला फारसा वाव राहत नाही, पण पावसाळ्यात तो ७० वर ठेवता आला तरी पुष्कळ झाले. ओले कपडे न्हाणीघरात दोरीवर वाळत घालू नयेत, कारण त्यांतले सगळे पाणी त्याच भिंतींवर जाऊन बसते. अर्थात ज्यांच्याकडे दुसरी जागाच नाही त्यांना हा सल्ला देणे सोपे आहे. त्यांनी निदान पंखा चालू ठेवावा.

ज्यांचे फ्लॅट चार महिने बंद असतात, त्यांनी मे महिन्याअखेर न्हाणीघर धुऊन पूर्ण कोरडे करावे, पडदा, पायपुसणे, टॉवेल, साबण असे काहीही आत ठेवू नये, गिझर बंद करावा आणि न्हाणीघराचे दार उघडे टाकावे. आठवड्यातून एकदा कोणाला तरी किल्ली देऊन पाऊस उघडला असेल तेव्हा दोन तास खिडक्या उघडायला आणि न्हाणी ट्रॅपमध्ये (जमिनीतल्या जाळीखाली पाणी साचून राहते त्या भागात) तांब्याभर पाणी ओतायला सांगावे, म्हणजे गटाराची हवा वर येत नाही.

सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असलेल्या घरांत साफसफाईचे ब्लीच एकाच दिवशी बादलीबादलीने आत सोडू नये. टाकीतला मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात. वाटीभर ब्लीच पातळ करून, भरपूर पाण्याबरोबर गेले तर चालते. न्हाणीघरे दोन-तीन असतील तर ती वेगवेगळ्या आठवड्यांत साफ करावीत.

सलग बुरशी अंदाजे तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा अधिक पसरली असेल, सांडपाण्याने भिजलेल्या भिंतीवर आली असेल, किंवा टाइल ठोकल्यावर पोकळ वाजत असतील, तर हे घरी करण्याचे काम नाही. तिथे टाइल उखडून मागचा गिलावा पाहावा लागतो, आणि त्यासाठी आधी प्लंबर बोलवावा, नंतर गवंडी.